गतकाळाची बाहुली आणि तिचा वर्ण

गतकाळाची नक्कल करणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. जुन्या घाटाचे रेडिओ, जुन्या धाटणीची घड्याळे, पन्नास वर्षांपूर्वीच्या जाहिरातींच्या पाट्या नव्याने तयार होतात आणि चढ्या किमतीला विकल्या जातात. या बाजारात गेल्या तीस वर्षांत एका अनपेक्षित वस्तूने मानाचे स्थान मिळविले आहे. ती वस्तू म्हणजे बाहुली. पण मुलींनी भातुकलीत खेळवावयाची बाहुली नव्हे, तर प्रौढांनी काचेच्या कपाटात मांडून ठेवावयाची. तिच्या अंगावर १९४० किंवा १९५० च्या दशकातील सायंकालीन पोशाख असतो, हातांत कोपरापर्यंत चढविलेले मोजे असतात, गळ्यात मोत्यांचा सर असतो आणि तिच्या पेटीवर तिच्या काल्पनिक आयुष्याची हकीकतही छापलेली असते. अमेरिकेत अशा बाहुल्यांचे हजारो संग्राहक आहेत. त्यांची संमेलने भरतात, लिलाव होतात. एरवी हा हौसेचा मामला म्हणून सोडून देता आला असता. परंतु या हौसेच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ खेळण्यांपुरता नाही. ज्या काळाची ही बाहुली आठवण करून देते त्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीला दुकानाच्या फळीवर जागा नव्हती. मग आज त्या काळाचे पुनर्निर्माण करताना तिला जागा द्यावयाची की नाही. आणि द्यावयाची तर कोणत्या नात्याने?

या प्रश्नावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो की, जुने ते जुन्यासारखेच राहू द्यावे. १९५९ साली बाहुली गोरी होती, म्हणून तिची प्रतिकृतीही गोरीच असणार. यात वर्णद्वेष शोधणे म्हणजे राईचा पर्वत करणे होय. दुसरा पक्ष म्हणतो की, एकाच बाहुलीला चार रंग द्यावेत, म्हणजे कोणाचीच तक्रार उरणार नाही. पहिले उत्तर इतिहासनिष्ठेचा आव आणते आणि दुसरे उदारतेचा. वस्तुतः दोन्ही उत्तरे आळशी आहेत. ती तशी का आहेत हे समजण्यासाठी बाहुलीचा इतिहास थोडा तपशिलाने पाहणे अवश्य आहे.

या सर्व बाहुल्यांची मूळ माता म्हणजे बार्बी. मॅटेल या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रूथ हँडलर यांनी ती ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील खेळण्यांच्या व्यापारी मेळाव्यात प्रथम मांडली. जर्मनीतील एका वृत्तपत्रीय व्यंगचित्रावरून तयार झालेली लिली नावाची बाहुली हे तिचे प्रेरणास्थान होते. साडेअकरा इंच उंचीच्या या बाहुलीची किंमत तीन डॉलर होती. तिचे केस सोनेरी किंवा तपकिरी, असा पर्याय गिऱ्हाइकाला दिलेला होता. त्वचेच्या रंगाबाबत मात्र पर्याय नव्हता. तो असावा असे कोणाला सुचले नाही, यातच त्या काळाचे सारे मर्म साठविलेले आहे.

१९६७ साली कंपनीने पहिले पाऊल टाकले. बार्बीची चुलत बहीण म्हणून आदल्या वर्षी आलेल्या फ्रान्सी या बाहुलीची गडद वर्णाची आवृत्ती निघाली. तिच्या पेटीवर ‘कलर्ड फ्रान्सी’ असे लिहिलेले होते. मस्तकाचा साचा तोच, नाक-ओठ-डोळ्यांची ठेवण तीच. बदलला होता तो केवळ रंग. ही बाहुली फारशी खपली नाही. यात नवल करण्यासारखे काही नाही. जे नाव कृष्णवर्णीय समाज त्याच सुमारास झटकून टाकत होता ते तिच्या कपाळी मारलेले होते, आणि ज्या मुलींसाठी ती काढली असे सांगितले जात होते त्यांच्यापैकी कोणाचाही चेहरा तिला नव्हता. दैवाचा खेळ असा की, त्या काळी न खपलेली तीच बाहुली आज दुर्मीळ म्हणून संग्राहकांच्या बाजारात मोठी किंमत घेते. ज्या उपेक्षेमुळे ती थोडी निघाली, त्या उपेक्षेचेच आता मोल झाले आहे.

पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये क्रिस्टी आली. तिला स्वतःचे नाव होते. ती कोणाची रंगवलेली आवृत्ती नव्हती. १९६९ मध्ये ज्यूलिया आली. डायहान कॅरल या अभिनेत्रीने दूरचित्रवाणीवरील एका मालिकेत रंगविलेल्या कृष्णवर्णीय परिचारिकेची ती बाहुली होती. हे बदल आपोआप घडलेले नाहीत. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ मधील वॉट्सचा उद्रेक आणि एप्रिल १९६८ मधील मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या या घटनांनी अमेरिकेचे समाजमन ढवळून निघाले होते. खेळण्यांचा कारखाना त्यापासून अलिप्त राहणे शक्य नव्हते. तरीही एक गोष्ट राहिलीच. क्रिस्टी ही मैत्रीण होती, नायिका नव्हे. ‘बार्बी’ हे मुख्य नाव धारण करणारी कृष्णवर्णीय बाहुली बाजारात यावयास १९८० साल उजाडावे लागले. किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय वेशकारागिणीने ती घडविली. तिला आखूड कुरळे केस आणि लाल पोशाख दिला. पहिली बार्बी आल्यापासून नायिकेच्या जागेवर येण्यास कृष्णवर्णीय बाहुलीला एकवीस वर्षे लागली. एका मुलीचे संपूर्ण बालपण आणि कौमार्य त्यात सरून जाते.

बाहुलीचा वर्ण ही क्षुल्लक बाब आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाकडे वळावे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांपुढे बाहुल्या ठेवून काही साधे प्रश्न विचारले होते. बाहुल्या रंग सोडल्यास एकसारख्या होत्या. तीन ते सात वर्षे वयाच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांना विचारण्यात आले की, खेळायला कोणती हवी, चांगली कोणती, वाईट दिसते ती कोणती. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार ६७ टक्के मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली निवडली आणि ५९ टक्के मुलांनी वाईट दिसणारी म्हणून सावळ्या बाहुलीकडे बोट दाखविले. त्यानंतर ‘तुझ्यासारखी कोणती?’ असा प्रश्न येताच काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळून गेली. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १७ मे १९५४ च्या ऐतिहासिक निकालपत्रात न्यायालयाने ज्या समाजशास्त्रीय लेखनाचा तळटीपेत आधार घेतला त्यात केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा समावेश होता. या प्रयोगाच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु बाहुलीकडे पाहताना मूल स्वतःकडे पाहत असते, हे निरीक्षण कोणालाही खोडून काढता आलेले नाही.

या प्रयोगातील एक तपशील आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. क्लार्क दांपत्याच्या बाहुल्या रंगाखेरीज सर्वस्वी सारख्या होत्या, कारण त्यांना केवळ रंगाचा परिणाम तपासावयाचा होता. प्रयोगशाळेत हा गुण होता. दुकानात मात्र तोच दोष ठरतो. एकच साचा घेऊन त्यात दोन रंगांचे व्हिनाइल ओतणे हे कारखानदाराच्या सोयीचे असते. नवा साचा खर्चाचा असतो. पण या काटकसरीतून जे विधान आपसूक केले जाते ते असे की, मूळ चेहरा एकच आहे, बाकीचे सारे त्याचे रंगकाम. एन ड्यूसिल या विदुषीने १९९४ मध्ये ‘बहुसांस्कृतिक’ म्हणविणाऱ्या बार्बीवर जी मर्मग्राही टीका केली तिचा रोख हाच होता: भिन्नतेचा उत्सव करतो असे सांगत कंपन्या भिन्नतेचे फक्त सुटसुटीत, रंगीत आणि विक्रीयोग्य माप काढतात.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा आहे. ‘वेगळा चेहरा’ म्हणताच पूर्वीचे कारागीर विद्रूपतेकडे वळत. जाड लाल ओठ आणि वटारलेले डोळे असलेला ‘गॉलिवॉग’ फ्लॉरेन्स अप्टन हिच्या १८९५ मधील बालपुस्तकातून बाहेर पडला आणि कित्येक दशके मुलांच्या बिछान्यात शिरून बसला. कमरेला पदर बांधलेली, कायम हसणारी स्थूल दाई हे कृष्णवर्णीय बाहुलीचे दुसरे ठरीव रूप. एकीकडे विडंबन आणि दुसरीकडे रंगवलेली नक्कल, या दोहोंच्या मध्ये कृष्णवर्णीय बाहुलीला स्वतःचा चेहरा मिळण्याची वाट अरुंद होती. अरुंद होती, पण नव्हती असे मात्र नाही.

ही वाट चोखाळणारे लोक त्या काळातही होते. सारा ली क्रीच नावाच्या फ्लॉरिडातील एका गोऱ्या बाईने १९४० च्या दशकाच्या अखेरीस कृष्णवर्णीय मुली गोऱ्या बाहुल्या घेऊन खेळताना पाहिल्या आणि त्यांच्यासाठी खऱ्या चेहऱ्याची बाहुली हवी असा ध्यास घेतला. लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी तिला पाठबळ दिले. शिल्पकर्त्री शीला बर्लिंगेम हिने कृष्णवर्णीय मुलांच्या चेहऱ्यांचा अभ्यास करून मस्तक घडविले; बाहुलीच्या त्वचेची छटा कोणती असावी हे ठरविण्यासाठी एलिनॉर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय समाजातील मान्यवरांना पाचारण केले. १९५१ मध्ये ही बाहुली बाजारात आली. दोनएक वर्षांत तिचे उत्पादन थांबले. पुढे वॉट्सच्या राखेतून लॉस एंजेलिस येथे ‘ऑपरेशन बूटस्ट्रॅप’ ही स्वावलंबनाची चळवळ उभी राहिली आणि लू स्मिथ व रॉबर्ट हॉल यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये ‘शिंडाना’ हा कृष्णवर्णीयांच्या मालकीचा खेळण्यांचा कारखाना निघाला. स्वाहिली भाषेतील या नावाचा अर्थ ‘स्पर्धक’ असा आहे. कारखाना सुरू करण्यास मॅटेल कंपनीने भांडवल व तंत्रज्ञान यांचे साहाय्य केले, हेही नोंदविले पाहिजे. शिंडानाची पहिली बाहुली ‘बेबी नॅन्सी’ कोणाच्या साच्यातून काढलेली नव्हती. कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. बेबी नॅन्सीला मात्र २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी-सन्मानदालनात स्थान मिळाले. सांगावयाचे एवढेच की, ‘त्या काळी कोणाला सुचलेच नाही’ ही सबब खरी नाही. ज्यांच्याकडे मोठे कारखाने होते त्यांना सुचले नाही, इतकेच खरे.

आता इतिहासनिष्ठेच्या आक्षेपाकडे वळावयास हवे, कारण तो सर्वांत गंभीर आहे. तो केवळ सनातनी संग्राहकांचा नाही. काही विचारी कृष्णवर्णीय टीकाकारांच्या मनातही तो डोकावतो. १९५० च्या दशकातील झगमगाटात आज कृष्णवर्णीय बाहुली ऐटीत उभी केली, तर जणू तिला तेव्हा कोणी अडविलेच नव्हते असा समज पसरणार नाही काय? अन्यायाच्या कालखंडावर रेशमी पडदा टाकल्यासारखे होणार नाही काय?

या शंकेचे उत्तर देण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या बाहुलीची प्रतिकृती ही एक वस्तू आणि जुन्या धाटणीची नवी बाहुली ही दुसरी. पहिली एका विशिष्ट वस्तूची नक्कल असते. १९५९ च्या बार्बीची प्रतिकृती काढावयाची तर ती जशी होती तशीच काढावी; तिच्या चेहऱ्याला आज गडद रंग देऊन ती ‘मूळ’ म्हणून विकणे हे इतिहासाशी केलेले असत्य ठरेल. ‘कलर्ड फ्रान्सी’ची प्रतिकृती काढताना तिच्या पेटीवरील ओशाळवाणे नावही पुसता कामा नये. पण दुसरी वस्तू ही दुकानाच्या फळीची नक्कल नसते; ती एका युगाची नक्कल असते. आणि मग प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या युगात रेशीम आणि मोती ल्यालेली कृष्णवर्णीय स्त्री होती की नव्हती.

ती होती. डोरोथिया टाउल्स ही कृष्णवर्णीय तरुणी १९४९ मध्ये पॅरिसला गेली आणि ख्रिस्तियन दिओर यांच्यासारख्या वेशकारांचे पोशाख घालून मंचावर वावरली. ऑफेलिया डिव्होर हिने १९४६ मध्येच न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय मॉडेलांसाठी संस्था काढण्यात पुढाकार घेतला होता. डोरोथी डँड्रिज हिला ‘कार्मेन जोन्स’ या १९५४ च्या चित्रपटासाठी प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्कर पारितोषिकाचे नामांकन मिळाले. असा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ‘एबनी’ मासिकाच्या युनिस जॉन्सन यांनी १९५८ मध्ये कृष्णवर्णीय मॉडेलांचा फिरता फॅशन सोहळा सुरू केला. युरोपातील उंची पोशाख त्या स्वतः विकत आणत आणि अमेरिकेच्या गावोगावच्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांपुढे ते सादर होत. १९५८! म्हणजे बार्बी जन्माला येण्याच्या एक वर्ष आधी. आणि सर्वांत बोलके उदाहरण अ‍ॅन लो हिचे. १२ सप्टेंबर १९५३ रोजी जॉन केनेडी यांच्याशी विवाहबद्ध होताना जॅकलीन बूव्हिए यांनी जो वधूवेश परिधान केला होता तो अ‍ॅन लो या कृष्णवर्णीय वेशकारागिणीने शिवलेला होता. विवाहाला थोडे दिवस राहिले असताना कार्यशाळेत पाणी शिरून तो नासला, तेव्हा तिने स्वतः तोशीस सोसून तो पुन्हा शिवला. त्या विवाहाचे रसभरित वृत्तान्त देशभर छापून आले. तिच्या नावाला त्यांत बहुधा जागा मिळाली नाही. त्या दशकातील वधूवेशाची नक्कल आजही बाहुल्यांच्या अंगावर चढते. वेश कृष्णवर्णीय हातांनी शिवलेला चालतो आणि वेश ल्यालेला चेहरा मात्र कृष्णवर्णीय असला की इतिहासाशी विसंगत ठरतो, या तर्काला काय म्हणावे?

तेव्हा वस्तुस्थिती अशी की, वगळणूक युगाने केलेली नव्हती. ती युगाच्या आरशाने केली होती. नियतकालिकांची मुखपृष्ठे, चित्रपटांतील भूमिका आणि बाहुल्यांच्या फळ्या हे ते आरसे. अमेरिकेतील ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर कृष्णवर्णीय मॉडेल प्रथम झळकली ती ऑगस्ट १९७४ मध्ये. आज जुन्या आरशाचीच हुबेहूब नक्कल करून तिला ‘तो काळ’ म्हणणे हीच खरी इतिहासाची मोडतोड आहे. जुन्या धाटणीच्या नव्या बाहुल्यांत कृष्णवर्णीय स्त्रीला स्थान देणे ही आजच्या सौजन्याने दिलेली भेट नसून राहून गेलेली नोंद आहे.

संग्राहकांच्या बाहुल्या काढणाऱ्यांनी ही नोंद काही प्रमाणात केली आहे. चित्रकार मेल ओडम यांची ‘जीन मार्शल’ ही बाहुली १९९५ मध्ये आली. हॉलीवूडच्या सुवर्णकाळातील काल्पनिक तारका अशी तिची कथा. ही कथा गोऱ्या नायिकेपासून सुरू झाली. काही वर्षांनी त्या कथाविश्वात व्हायोलेट वॉटर्स ही कृष्णवर्णीय गायिका आली. मॅटेलने १९५९ च्या बार्बीची आठवण करून देणारी ‘सिल्कस्टोन’ बाहुल्यांची मालिका २००० साली सुरू केली. तिच्यातील अंतर्वस्त्रांच्या गाजलेल्या उपमालिकेत कृष्णवर्णीय बाहुली २००२ मध्ये पाचव्या क्रमांकावर आली. पर्सी न्यूसम यांनी १९९५ मध्ये स्थापिलेल्या ‘इंटेग्रिटी टॉइज’ या संस्थेने मात्र निराळा पायंडा पाडला. जेसन वू या वेशकाराच्या साहाय्याने तिने ‘फॅशन रॉयल्टी’ ही मालिका काढली, तेव्हा अडेल मकेदा ही कृष्णवर्णीय व्यक्तिरेखा तिच्या आरंभीच्या नायिकांत होती. मागाहून पंगतीला बसविलेली पाहुणी नव्हती. ही मालिका जुन्या काळाची नव्हे, आजच्या फॅशनची आहे, हे खरे. पण आरंभापासून जागा देणे कारखान्याला परवडते, हे तिने दाखवून दिले.

व्हायोलेट वॉटर्स गायिका आहे, यालाही अर्थ आहे. त्या काळच्या हॉलीवूडमध्ये कृष्णवर्णीय स्त्रीला मोलकरीण किंवा गायिका यांपलीकडे फारशी भूमिका नव्हती. लीना हॉर्न हिची गाणी चित्रपटात अशा बेताने घातली जात की, दक्षिणेकडील राज्यांत ती कापून टाकता यावीत आणि कथेला धक्का लागू नये. २९ फेब्रुवारी १९४० रोजी हॅटी मॅक्डॅनिएल हिला ऑस्कर मिळाले, तेव्हा त्या सभागृहात तिला सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या निराळ्या टेबलावर बसविण्यात आले होते. जुन्या धाटणीच्या बाहुलीच्या पेटीवर मेजवान्या, चित्रीकरणे आणि प्रेमप्रकरणे यांची कथा छापणाऱ्यांनी या टेबलाचाही उल्लेख करावा अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. बाहुली म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, असे यावर म्हटले जाईल. परंतु कथा सांगण्याचे काम कारखान्यांनी स्वतःहून अंगावर घेतले आहे; ते घेतल्यानंतर गोड तेवढेच सांगण्याची मुभा उरत नाही. दुःखाची बाहुली करावी असा याचा अर्थ नव्हे. अडथळा ठाऊक असला की त्या पोशाखातील ऐटीला अधिक अर्थ येतो; रेशमाआड लपलेली झुंज दिसू लागते.

बाजाराचा युक्तिवाद शेवटी उरतो. गडद वर्णाच्या बाहुल्या कमी खपतात, म्हणून त्या कमी काढल्या जातात, असे सांगितले जाते. हे चक्र उलट दिशेनेही फिरते, हे मात्र सांगितले जात नाही. नाव उसने, चेहरा उसना आणि जाहिरातीत जागा मागच्या रांगेत, अशी बाहुली कमी खपणारच. आणि कमी खपली की तिच्या अपयशाचा ठपका तिच्या रंगावर ठेवावयाचा. २०१० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या दुकानात दोन सारख्या बाहुल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. गोरीची किंमत ५ डॉलर ९३ सेंट आणि कृष्णवर्णीय बाहुलीची ३ डॉलर. शिल्लक माल काढण्यासाठी किंमत उतरविली, असा खुलासा झाला आणि तो व्यापाराच्या हिशेबाने खराही असेल. पण फळीसमोर उभ्या असलेल्या मुलीला गोदामाचा हिशेब कोठून कळणार? तिला दोन चेहरे आणि दोन किमती दिसतात. टोनी मॉरिसन यांच्या १९७० मधील ‘द ब्लूएस्ट आय’ या कादंबरीतील एक कृष्णवर्णीय मुलगी भेट मिळालेली गोरी बाहुली मोडून पाहते. सारे जग हिला सुंदर म्हणते ते हिच्यात काय आहे, हे तिला शोधावयाचे असते. तिच्या प्रश्नाचे उत्तर बाहुलीच्या पोटात नव्हते. ते फळ्या लावणाऱ्यांच्या मनात होते.

हा सारा अमेरिकेचा व्यवहार आहे, असे म्हणून आपल्याकडील वाचकांना सुटका करून घेता येणार नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बार्बी भारतात तयार होऊ लागली, तेव्हा तिला साडी नेसविण्यात आली. पण इंदरपाल ग्रेवाल यांनी आपल्या १९९९ च्या अभ्यासलेखात दाखवून दिल्याप्रमाणे साडीच्या आत उभी होती ती गोरी अमेरिकन बार्बीच. अमेरिकेत चेहरा न बदलता रंग बदलला गेला. येथे रंगही न बदलता केवळ वस्त्र बदलले. आणि त्याविरुद्ध येथे ओरड झाली नाही, कारण गोरेपणाची ती आवड परकी नव्हती. सावळ्या विठ्ठलाच्या पायी डोके ठेवून घरी परतणारा समाज सुनेच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द विसरत नाही. १९७५ पासून खपत आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातील गोरेपणा २०२० मध्ये वगळण्यात आला. मलमाची विक्री त्यामुळे थांबली नाही. नाव बदलून वृत्ती बदलत नाही, हे ‘कलर्ड फ्रान्सी’ने १९६७ मध्येच शिकविले होते. येथील शाळांतून चित्रकलेच्या तासाला ‘अंगाचा रंग’ म्हणून फिकट गुलाबी खडूच हाती घेणारी मुले आहेत तोवर परक्यांच्या बाहुल्यांकडे बोट दाखविताना संकोच वाटावयास हवा.

मग कसोटी कोणती? ती फार अवघड नाही. प्रतिकृती असेल तर ती प्रामाणिक असावी. तिच्यात जे नव्हते ते घुसडू नये आणि जे लाजिरवाणे होते ते झाकू नये. नवी बाहुली असेल तर तिला स्वतःचे नाव असावे, स्वतःच्या साच्यातून आलेला चेहरा असावा, तिच्या केसांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे वळण असावे आणि तिची कथा दुसऱ्या कोणाची सखी होण्यापाशी संपू नये. ती मालिकेच्या आरंभी यावी, तक्रारी आल्यानंतर नव्हे. आणि तिची संख्या व किंमत तिच्या गोऱ्या भगिनींइतकीच असावी. २०१६ मध्ये मॅटेलने मुलींच्या नित्य खेळण्यातील बाहुल्यांसाठी त्वचेच्या सात छटा आणि शरीराचे चार बांधे जाहीर केले. ज्या बाहुल्या मुले हाताळतात त्यांच्यात एवढी सुधारणा होऊ शकली. ज्या प्रौढ लोक कपाटात जपून ठेवतात त्यांच्याबाबत ती अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

गतकाळाची ओढ हा माणसाचा स्वभाव आहे आणि तिच्यात गैर काही नाही. परंतु स्मरण ही निवड असते, आणि निवडीची जबाबदारी आजच्या माणसावर येते, मेलेल्या काळावर नव्हे. १९५९ च्या कारखानदाराला कृष्णवर्णीय स्त्री दिसली नाही, हा त्याचा दोष. अ‍ॅन लो, डोरोथिया टाउल्स आणि युनिस जॉन्सन यांची नावे माहीत झाल्यानंतरही आजच्या कारखानदाराला आणि संग्राहकाला ती दिसत नसेल, तर तो दोष जुन्या काळाच्या माथी मारता येणार नाही.